कुत्रा माझाच आहे

आमच्या शेजाऱ्याला जे सांगायचं होतं त्याला मराठीत सरळ शब्द आहे आणि तो वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मुंबईत अर्धं आयुष्य काढून आलेल्या या माणसाच्या तोंडून तो काही केल्या निघेना. भर दुपारी तो माझ्या ओटीसमोर घामाघूम होऊन उभा होता आणि मी मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही चढवत होते.

"तुझ्या कुत्र्यानं," तो म्हणाला, "आमच्या लॅबला... म्हंजे आमच्या लॅबचं..."

मी मशीन थांबवलं नाही. "काय केलं, दादा? चावला?"

"चावला असता तर परवडलं असतं!"

मग मला कळलं, आणि खरं सांगते, मला हसू आलं. ते मी दाबलं नाही, हीच माझी चूक झाली म्हणतात. त्या हसण्यानंच सगळं पेटलं असं माझी वहिनी अजून म्हणते. मला नाही वाटत. तो भांडायचं ठरवूनच घरातून निघाला होता.

हा शेजारी नात्यानं माझा चुलतभाऊ. वाडीत तसे सगळेच कुणी ना कुणी लागतात. आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याला लागून. त्याचा बाप आमच्या बापाबरोबर नाचणीची शेतं कापायचा. हा मुंबईला गेला, नोकरी करून परत आला आणि बापाच्या जागी बंगला बांधला. वाडीत पहिलं कंपाउंड त्याचं. दोन बदामी रंगाच्या लॅब कुत्र्या आणल्या, त्यांना खायला पिशवीतलं खाणं, झोपायला गादी. त्याचं मला काही वाटलं नाही. प्रेम करावं माणसानं. पण हे प्रेम नव्हतं, धंदा होता. पिल्लं विकायची होती. त्यासाठी पुण्याहून कागदपत्रंवाला नर आणायचं ठरलं होतं, आणि तो यायच्या आत थोरली कुत्री माजावर आली.

आता म्हैस माजावर आली की तिला गोठ्यात बांधून ठेवतात, हे याला बापानं लहानपणीच शिकवलं असणार. पण लॅब म्हटल्यावर असलं गावठी शहाणपण कसं चालेल! ती अंगणात मोकळीच. वाडीतले सगळे कुत्रे भिंतीला नाक लावून बसलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले, त्यानंही पाहिले. मागच्या भिंतीला पावसाचं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जावं म्हणून त्यानंच मोठं भोक ठेवलं होतं. बाकीचे कुत्रे पुढच्या फाटकाशी भुंकत राहिले. माझा मागून गेला.

"माझा" हा शब्द मी इथे सहज लिहिला, पण तेव्हा तो एवढा सहज नव्हता. तो कुत्रा कुणी आणलेला नव्हता. हायवेचं काम चालू असताना कुठूनसा आला आणि राहिला. वाडीत प्रत्येक घरात त्याला वेगळ्या नावानं हाक मारत, आणि तो सगळ्यांना ओ देई. सकाळी एकीकडे भाकरी, दुपारी दुसरीकडे माशाचे काटे. पट्टा नाही, साखळी नाही. एकदा मात्र त्याच्या कानात किडे पडले. त्या घरांतलं कुणी जवळ जाईना, वास यायचा. मी टर्पेंटाइन ओतून चिमट्यानं एकेक किडा काढला. तो थरथरत होता, पण चावला नाही. कान बरा झाला, फक्त दुमडला तो दुमडलाच. तेव्हापासून तो रात्री माझ्या दाराशी झोपतो. खायला सगळीकडे, झोपायला माझ्याकडे. त्यावर मी कधी विचार केला नव्हता.

शेजाऱ्यानं मात्र केला. तो म्हणाला, "रिस्पॉन्सिबिलिटी तुझी हाय. सगळं नुकसान तू भरायचं. मी केस करीन."

"कर," मी म्हणाले.

"नायतर सांग तुझा नाय म्हणून. मग मी बघतो त्याचं काय करायचं ते. गाडीत घालीन नि आंबेनळी घाटात सोडून येईन."

हे तो उगाच म्हणत नव्हता. नको झालेलं जनावर घाटात नेऊन सोडायची आमच्याकडे रीतच आहे. म्हातारं झालेलं, खरूज लागलेलं, फार पिल्लं घालणारी कुत्री, सगळ्यांना घाट. माणसं म्हणतात, "सोडून आलो." मारलं असं कुणीच म्हणत नाही. वर वळणावर सहलीचे लोक भजी टाकतात म्हणे, जगतं जनावर. मी त्या रस्त्यानं एसटीनं पुष्कळ वेळा गेले आहे. ज्यांना सोडलं त्यांतलं एकही मला परत दिसलेलं नाही.

तो गेल्यावर माझं हसू गेलं. मी बाही उलटी चढवली होती, ती उसवत बसले. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि कुत्रा माझ्या पायाशी निवांत पसरला होता. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

अस्तर आणायला मी महाडला जाते, तिथे एक वकीलबाई माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. त्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच दोनदा पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "हे बघा, हा काही गुन्हा नाही. कुत्र्याला कुठलं कलम लावणार? तो फार तर नुकसानीचा दावा करील. त्यात तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल. आणि तुम्ही विचारा की माजावरची कुत्री मोकळी कुणी सोडली, भिंतीला भोक कुणाचं. पिल्लं नको होती तर तिचं ऑपरेशन करायचं होतं. हवी होती तर तिला सांभाळायचं होतं. दोन्ही बाजूंनी जबाबदारी असते."

"मग मी भांडते," मी म्हणाले.

"भांडताय कशाला? त्याहून सोपं आहे. पट्टा नाही, कुठे नोंद नाही, सगळी वाडी खायला घालते. तुमचा कुत्राच नाही म्हणा. भटका आहे म्हणा. विषय संपला."

"आणि भटका म्हटल्यावर त्यानं उचलून घाटात सोडला तर?"

"तेही बेकायदेशीरच आहे. तक्रार करता येते. पण तुम्ही काय तोंडानं करणार? आत्ताच तर हात झटकलेत."

म्हणजे असं होतं. नाही म्हटलं की मी सुटत होते आणि तो घाटात जात होता. हो म्हटलं की तो वाचत होता आणि मी अडकत होते. कायद्यात पळवाट होती, पण माझ्यापुरतीच. मी अस्तर घेऊन एसटीत बसले ती सगळ्या वाटेनं चरफडत आले.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं. माझा भाऊ महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याला भांडणाचा कंटाळा. "अगो, नाय म्हण ना. तुझा हाय का तो? वाटंवरचा हाय. उगाच आपल्या गळ्यात कशाला?"

"आपल्या नाही, माझ्या," मी म्हणाले.

"तुझ्या म्हंजे आमच्याच ना गो!" वहिनी म्हणाली.

इथे माझी स्थिती सांगायला हवी. मी सासर सोडून आले त्याला फार वर्षं झाली. का सोडलं ते इथे सांगत नाही, तिथेही कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी मागच्या दोन खोल्या माझ्या नावावर केल्या, दार वेगळं, चूल वेगळी, लाइटबिल वेगळं. पण आमच्या गावकीत घर म्हणजे उंबरा, आणि उंबरा पुरुषाच्या नावानं धरतात, फार तर विधवेचा. परत आलेल्या लेकीला उंबरा नाही. पालखीची वर्गणी मी पुढे केली की हसून परत करायचे, "माहेरवाशिणीचं कुठं घेतात गो?" मान द्यायचा असा आव, पण खरं म्हणजे मोजायचंच नाही. ज्याला उंबरा नाही त्याला देवळातल्या बैठकीत बोलता येत नाही. मला ते लागायचं. कायम लागायचं. दाखवत नव्हते एवढंच.

आणि आता त्याच गावकीनं मला बोलावणं धाडलं. शेजाऱ्यानं कोर्टाचा नाद सोडला होता, बहुधा त्यालाही कुणी वकील भेटला असावा. त्यानं गाऱ्हाणं गावकीपुढे ठेवलं. वकीलबाईंना मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "गावकीच्या दंडाला कायद्यात काडीची किंमत नाही. जाऊ नका." कायद्यात नसेल. वाडीत आहे. कायदा महाडला राहतो आणि मी वाडीत. गावकीचं मला कौतुक नाही, हेही सांगून टाकते. या बैठकांतून माणसं वाळीत पडलेली मी पाहिली आहेत. पण मी गेले नसते तर माझ्यामागे कुत्र्याचा निकाल लागला असता.

रविवारी दुपारी, कंपनीवाल्यांची सुट्टी बघून बैठक बसली. पुरुष देवळात सतरंजीवर, बाया बाहेर कट्ट्याला. मला खांबाशी उभं केलं. अध्यक्षांना आम्ही सगळे आबा म्हणतो, माझ्या वडिलांच्या वयाचे. शेजाऱ्यानं सगळं सांगितलं, ब्रीड, पेडिग्री, पुण्याचा नर, मुंबईच्या पार्टीचं बुकिंग. मुख्य शब्द इथेही त्याला सांगता येईना, तेव्हा मागून कुणीतरी सांगून टाकला आणि बाहेर बाया हसल्या.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो कुत्रा तुझा हाय का गो?"

भाऊ समोरच बसला होता. त्यानं डोळ्यांनी "नाय" म्हटलं. शेजारी वाट बघत होता, कारण त्याला दोन्ही उत्तरं चालणार होती. एवढ्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. मला त्या क्षणी कुत्रा आठवला नाही, शौर्य वगैरे काही वाटलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की आयुष्यभर ही माणसं माझ्याबद्दल ठरवत आली, ही कुणाची, कुणाच्या घरातली, आणि आता माझ्याच तोंडून दुसऱ्या कुणाला तरी "कुणाचाच नाही" म्हणवून घेतायत. ते मी करणार नव्हते.

"माझा आहे," मी म्हणाले.

"जबाबदारी?"

"माझी."

भावानं कपाळाला हात लावला. शेजारी उठूनच उभा राहिला. "ऐकलंत ना? कबूल केलं! आता दंड करा."

"करा," मी म्हणाले. "पण आबा, एक विचारते. गावकी दंड करते तो उंबऱ्याला. माझा उंबरा कुठे आहे?"

सतरंजीवर चुळबूळ झाली. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकजण म्हणाला, "भावाच्या उंबऱ्यातनं भरंल ती."

"मी कशाला?" माझा भाऊ ताडकन म्हणाला. "माझा कुत्रा नाय. तिचं दार वेगळं, चूल वेगळी. माझा काय संबंध?" गरीब स्वभावाचा माणूस, पण दंड म्हटल्यावर त्याला अशी वाचा फुटली की मला त्याचं कौतुकच वाटलं. वेगळी चूल म्हणून गावकीनं मला कधी मोजलं नव्हतं, ते तो एका दमात बोलून गेला.

"मग हिला दंड कसा करायचा?" आबा म्हणाले. "उंबरा नाय, तर दंड नाय."

शेजाऱ्याच्या हातातोंडाशी आलेला घास निघून चालला होता. तो लालबुंद झाला. "अरे मग धरा ना तिचा उंबरा! आत्ता धरा! नायतर उद्या परत हीच पळवाट काढंल ती!"

आबांनी त्याला नीट विचारलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. "उंबरा एकदा धरला की परत काढता येत नाय. समजून बोल."

"समजून बोलतो. धरा!"

"कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. एरवी कुणी हे सुचवलं असतं तर रीत, परंपरा, देवाचा कोप, सगळं निघालं असतं. पण आता गाऱ्हाणं मिटवायचं होतं, चहाची वेळ झाली होती, आणि सुचवणारा दोन मजली बंगल्याचा मालक होता. आबांनी देवाकडे तोंड करून सांगितलं, लेकीचा उंबरा धरला म्हणून. बाहेर कट्ट्यावरच्या कितीजणी मनात काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही, पण माझी वहिनी रडली. का, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

"आता दंड!" शेजारी म्हणाला.

"आता मी बोलते," मी म्हणाले, "आता मला बोलता येतं. आपण म्हैस भरवायला रेड्याकडे नेतो. तेव्हा पैसे कोण देतो? म्हशीचा मालक देतो. रेड्याच्या मालकाकडून कुणी भरपाई घेतलेली ऐकली आहे का? माझा कुत्रा तर स्वतःच्या पायानं गेला, तुला न्यायचाही त्रास दिला नाही."

अशी खसखस पिकली की आबांनाही मिशीतल्या मिशीत हसावं लागलं. शेजारी म्हणाला, "पण मला हा नको होता!" तेव्हा मी म्हणाले, "मग भोक बुजवायचं. माझा कुत्रा मोकळा होता, ही माझी चूक, मी कबूल करते. तुझी कुत्री मोकळी होती, भिंत फुटकी होती, ही तुझी. तू तुझी कबूल कर."

ती काही त्यानं कबूल केली नाही. पण निकाल लागला. मोकळा कुत्रा ठेवल्याबद्दल माझ्या उंबऱ्याला देवाला एक नारळ. त्यानं भोक बुजवायचं, आणि कुत्री माजावर असताना बांधायची. मी तेवढे दिवस माझा बांधायचा. आणि आबा उठता उठता म्हणाले, "एका उंबऱ्याच्या जनावराला दुसऱ्यानं हात लावायचा नाय." घाटाचं नाव कुणी काढलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

नारळ मी स्वतः बाजारातून निवडून आणला, वाजवून, पाणीदार बघून. दंडाचा नारळ कुणी एवढ्या हौसेनं दिला नसेल. मी तो मिरवत नेला, खोटं कशाला बोलू.

नंतर पिल्लं झाली. शेजाऱ्याच्या बायकोनं कंपाउंडवरून सांगितलं, हळूच, नवरा आत असताना. काळी, तांबडी, एक ठिपक्यांचं, लॅबसारखं एकही नाही. बघायला आलेली मुंबईची पार्टी चहा पिऊन गेली ती परत आली नाही. मी बघायला गेले नाही. तेव्हा धाकटी कुत्री माजावर होती, म्हणून माझा कुत्रा साखळीत होता आणि त्याला ती साखळी मुळीच मान्य नव्हती, मला त्याचंच वाईट वाटत होतं.

मग एक दिवस सकाळी मी कापड घेऊन बाजारात निघाले, तर शेजाऱ्याची गाडी फाटकाबाहेर काढलेली. त्याची बायको फाटकाला धरून उभी होती, डोळे सुजलेले. तो डिकीत खोकं ठेवत होता. डिकी बंद झाली तरी आतली कुईकुई ऐकू येत होती. घरात थोरली कुत्री दारावर पंजे मारत होती.

"कुठे निघालास, दादा?" मी विचारलं.

"वर. महाबळेश्वरला. काम हाय."

"खोक्यात काय आहे?"

"तुला काय करायचंय? कुत्री माझी, पिल्लं माझी. तुझा काय संबंध?"

हातातली पिशवी मी फाटकाशी ठेवली. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. "भर देवळात जबाबदारी माझी म्हणून तूच ओरडलास. दंड तूच करवलास. नारळ मी दिला. आता संबंध विचारतोस? पिल्लं आईजवळ ठेव. दूध सुटलं की सगळीच्या सगळी मी घेऊन जाईन, वाडीत देईन, नाही कुणी घेतली तर माझ्या घरात ठेवीन. पण यातलं एक जरी घाटात गेलं तर गावकी बसेल."

तो हसला. "गावकी बसंल! कोण बोलावणार गावकी? तू?"

"मी," मी म्हणाले. "कुठल्याही उंबऱ्याला बोलावता येते. आणि माझा उंबरा तूच धरायला लावलास."

त्याचं हसू तिथेच थांबलं. तो बायकोकडे बघायला लागला, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग त्यानं डिकी उघडली.